वाचकांचे प्रश्न : जीवनगौरव, मानपत्र आणि कपाटातल्या तबकड्या

गेल्या अंकात आम्ही संगीतातल्या मानद पुरस्कारांविषयी प्रश्न मागवले होते. स्पर्धेत जिंकून मिळणारे पुरस्कार त्यात धरले नव्हते. ज्या कलावंताच्या ध्वनिमुद्रणांनी पुढच्या पिढ्यांचं गाणं-वाजवणं घडवलं, त्याला मिळणारे सन्मान आम्हाला अपेक्षित होते. नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरं इथे देतो. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पंडित रविशंकर यांना ग्रॅमी आधीच मिळाली होती. मग पुन्हा ‘जीवनगौरव’ ग्रॅमी कशासाठी? आणि ती ठरवतं कोण? (धरमपेठ)

हे दोन अगदी वेगळे पुरस्कार आहेत. नेहमीची ग्रॅमी एका ठरावीक काळात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाला मिळते. त्यासाठी प्रवेशिका जातात, नामांकनांची यादी लागते आणि ग्रॅमी देणाऱ्या अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग अकादमीचे मतदार-सदस्य मत देतात. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्यासोबतच्या अल्बमसाठी रविशंकरांना साठच्या दशकात मिळाली ती ही ग्रॅमी. जीवनगौरवासाठी नामांकनांची जाहीर यादी निघत नाही आणि स्पर्धाही होत नाही. अकादमीचे विश्वस्त मतदान करून नावं ठरवतात. कसोटी एकच असते : ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात या कलावंताने असामान्य महत्त्वाचं काही निर्माण केलं का?

पहिला मान १९६३ मध्ये गायक बिंग क्रॉसबी यांना मिळाला आणि सुरुवातीला पुरस्कार त्यांच्याच नावाने ओळखला जाई. तो म्हातारपणीच मिळतो असंही नाही. एल्विस प्रेस्ली यांना मिळाला तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. स्पर्धेतल्या तीन ग्रॅमी त्यांना मिळाल्या, त्या तिन्ही भक्तिगीतांसाठी. ज्या रॉक अँड रोलमुळे जग त्यांना ओळखतं, त्यासाठी एकही नाही. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांना तर स्पर्धेतली ग्रॅमी कधीच मिळाली नाही. १९९२ मध्ये, मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, जीवनगौरव मिळाला. त्या-त्या वर्षीच्या मतदानातून जे निसटतं, ते काळ गेल्यावर दिसतं. म्हणून असा वेगळा पुरस्कार लागतो.

रविशंकर ११ डिसेंबर २०१२ रोजी गेले. जीवनगौरवासाठी निवड झाल्याचं त्यांना हयातीत कळवलेलं होतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये अनुष्का शंकर आणि नोरा जोन्स या त्यांच्या मुलींनी तो स्वीकारला.

याच अकादमीचा १९६७ पासून दिला जाणारा ‘ट्रस्टीज अवॉर्ड’ गाण्या-वाजवण्याखेरीजच्या कामासाठी आहे. निर्माते, गीतकार, संगीतकार यांना तो मिळतो. ध्वनितंत्राच्या कामासाठी १९९४ पासून तिसरा पुरस्कार आहे. आपल्याकडे ही वाट फार अरुंद आहे. भावगीतातला तो व्हायोलिनचा तुकडा ज्याने लिहिला तो संगीत संयोजक आणि एकाच मायक्रोफोनवर गायिका, तबला, सारंगी यांचा तोल साधणारा ध्वनिमुद्रक यांच्यासाठी वेगळा जीवनगौरव क्वचितच असतो. पुरस्कार सुरू करायच्या विचारात असलेल्या मंडळांनी याकडे जरूर पाहावं.

प्रश्न : माणसाला सोडून एखाद्या रेकॉर्डलाच मान मिळतो का? (महाल)

मिळतो. ग्रॅमी हॉल ऑफ फेम १९७३ पासून आहे. त्यात ध्वनिमुद्रण निवडलं जातं आणि ते किमान पंचवीस वर्षं जुनं लागतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवही २००० सालच्या कायद्याने सुरू झाली. तिथे किमान दहा वर्षं जुनं मुद्रण चालतं, दरवर्षी पंचवीस निवडली जातात आणि नावं सुचवायला सर्वसामान्य लोकांनाही मुभा आहे. क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची पंचवीस वर्षांची अट मात्र कलावंताच्या पहिल्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणापासून मोजतात, कारण तिथे मान माणसाला किंवा वाद्यवृंदाला असतो.

रेकॉर्डचा प्रभाव म्हणजे काय, याचं आपल्याकडचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून लहानगा भीमसेन गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. ती तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. त्या मुलाला २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झालं. प्रभाव सिद्ध करायचा म्हणजे अशी साखळी दाखवायची : कोणतं मुद्रण, कोणी ऐकलं, त्यातून पुढे काय निघालं.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ गायिकेचं वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांचं नाव मोठ्या सन्मानासाठी पाठवायचं आहे. कुठे आणि कसं? मागे एकदा पाठवलं होतं, काहीच झालं नाही. (प्रतापनगर, मानेवाडा)

तीन वाटा आहेत आणि तिन्हींचे नियम वेगळे.

पद्म पुरस्कारांचं नामांकन कुणीही नागरिक करू शकतो; स्वतःचं नावही पाठवता येतं. अर्ज फक्त केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो. कार्याचं वर्णन जास्तीत जास्त आठशे शब्दांत. मुदत दरवर्षी जाहीर होते आणि बहुतेकदा पावसाळ्यात संपते. म्हणून कागदपत्रं होळीपर्यंत जुळवून ठेवा. एका वर्षी दिले जाणारे पद्म पुरस्कार एकशेवीसच्या आत ठेवायचा नियम आहे. मरणोत्तर पुरस्कार आणि परदेशस्थ व्यक्ती त्यात मोजत नाहीत. मरणोत्तर पुरस्कार अपवादानेच मिळतो, म्हणून ऐंशी ओलांडलेल्या कलावंताच्या बाबतीत ‘पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणू नका. आधी पद्मश्री आणि मगच पद्मभूषण अशी सक्ती नाही. सुमन कल्याणपूर यांचं पार्श्वगायन १९५४ पासूनचं. त्यांना २०२३ मध्ये थेट पद्मभूषण जाहीर झालं, तेव्हा त्यांचं वय पंच्याऐंशी होतं.

दुसरी वाट संगीत नाटक अकादमीची. इथे कलावंत स्वतः अर्ज करत नाही. अकादमी जाणकार व्यक्ती आणि संस्थांकडून शिफारशी मागवते आणि निर्णय तिची सर्वसाधारण परिषद घेते. अकादमीचा सर्वोच्च मान म्हणजे फेलोशिप, तिलाच ‘अकादमी रत्न’ म्हणतात. हयात फेलोंची संख्या एका वेळी चाळीसच्या वर जाऊ देत नाहीत. १९५४ च्या पहिल्या फेलोंमध्ये उस्ताद अल्लाउद्दीन खाँ होते. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात अकादमीने एक खास अमृत पुरस्कारही दिला. पंचाहत्तरीपुढच्या आणि तोवर राष्ट्रीय पातळीवर दुर्लक्षित राहिलेल्या कलावंतांसाठी तो होता. अशी योजना पुन्हा निघाली तर कागद हाताशी असलेल्यांनाच तिचा लाभ होईल.

तिसरी वाट महाराष्ट्र शासनाची. सुगम आणि चित्रपट संगीतासाठी गानसम्राज्ञी लता मंगेशकर पुरस्कार १९९२ पासून आहे आणि शास्त्रीय संगीतासाठी पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाचा जीवनगौरव आहे. या दोन्हींची चौकशी सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे करावी.

‘काहीच झालं नाही’ यामागे नेहमीची काही कारणं असतात. पहिलं कारण विशेषणं. ‘स्वरसम्राज्ञी’, ‘विदर्भकन्या’, ‘अलौकिक आवाजाची देणगी’ यातच दोनशे शब्द संपतात आणि निवड करणाऱ्याच्या हाती एकही पडताळता येण्यासारखी गोष्ट लागत नाही. दुसरं, स्थानिक सत्कारांची लांबलचक यादी. चाळीस शाली मिळाल्या याने प्रभाव सिद्ध होत नाही. तिसरं, एकाच मजकुरावर वेगवेगळ्या सह्या असलेली शिफारसपत्रं. अशा पंचवीस पत्रांपेक्षा, ‘अमुक बंदिश मी यांच्या अमुक ध्वनिमुद्रणावरून शिकलो आणि आजही तशीच गातो’ असं एखाद्या नामवंत गायकाने लिहिलेलं एक पत्र भारी पडतं. चौथं कारण तारखांची विसंगती : अर्जात पहिलं रेडिओ गायन १९६१, मुलाखतीत १९५८, स्मरणिकेत तिसरंच साल. एक आकडा चुकीचा दिसला की बाकीच्यांवरचा विश्वासही उडतो.

आठशे शब्दांची वाटणी आमच्या मते अशी करावी. जन्म, गुरू, घराणं आणि आजचं काम शंभर शब्दांत आटपा. ध्वनिमुद्रणांना अडीचशे द्या : सालं, कंपनी, क्रमांक. प्रभावाला तीनशे द्या : शिष्य, शिष्यांचे शिष्य, त्यांच्या चालीवर किंवा बंदिशीवर इतरांनी केलेली मुद्रणं, अभ्यासक्रमातला समावेश. उरलेल्या दीडशेत त्या भागासाठी केलेलं काम लिहा. मसुदा तयार झाला की प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारा. ज्याला उत्तर नाही ते वाक्य काढून टाका.

पुराव्याचा एक खजिना घरातच असतो, तो म्हणजे आकाशवाणीची करारपत्रं. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं आणि विदर्भातल्या असंख्य गायक-वादकांची कारकीर्द त्या स्टुडिओत घडली. करारपत्रावर प्रसारणाची तारीख, वेळ, कालावधी आणि मानधन छापील असतं. ट्रंकेच्या तळाशी, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात, जुन्या वह्यांच्या घडीत ही सापडतात. सापडली की लॅमिनेट करू नका. उष्णतेने कागदाचं कायमचं नुकसान होतं आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. स्कॅन करा आणि मूळ प्रत आम्लमुक्त कागदात ठेवा.

आणखी एक सांगायला हवं. सन्मान मिळेल तेव्हा मिळेल. दरम्यान कलावंताची परिस्थिती बेताची असेल तर राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेचा अर्ज आधी भरा. वयाची अट पन्नास वर्षं, मानधन महिना पाच हजार रुपये आणि निवड जिल्हा पातळीवरच्या समितीकडून होते. औषधाचा खर्च मानपत्राने भागत नाही.

प्रश्न : गुरुजींच्या काही जुन्या तबकड्या आमच्याकडे आहेत. अर्जासोबत त्या जोडायच्या तर साल कसं काढायचं? आणि त्या न बिघडवता संगणकावर कशा घ्यायच्या? (सक्करदरा)

आधी साल. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या भारतीय तबकड्यांच्या लेबलवर साल बहुधा नसतं. लेबलवर असतो तो कॅटलॉग क्रमांक. दुसरा क्रमांक लेबलच्या भोवतालच्या गुळगुळीत, बिनसुराच्या पट्टीत ठसवलेला असतो. तो मॅट्रिक्स क्रमांक. खोलीत अंधार करा, टॉर्च तबकडीच्या कडेला जवळजवळ आडवा धरा आणि तबकडी हळूहळू फिरवा. एका कोनात ठसा उजळून निघतो. तो लगेच कागदावर उतरवा, कारण फोटोत तो बरेचदा येत नाही. मॅट्रिक्स क्रमांक मुद्रणाच्या वेळचा असतो, कॅटलॉग क्रमांक विक्रीच्या वेळचा, आणि दोहोंत काही महिन्यांचं अंतर असू शकतं. कंपन्या दर महिन्याला नव्या रेकॉर्डची पत्रकं काढत. त्यांच्याशी क्रमांक ताडून साल निघतं. मुंबईची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० पासून याच कामात आहे, तिथे विचारावं. सत्तरच्या दशकापासूनच्या एलपीवर (जास्त वेळ वाजणाऱ्या विनाइल तबकडीवर) वर्तुळातला ‘पी’ आणि त्यापुढे साल सापडतं, तिथे प्रश्नच येत नाही.

आता सफाई. साधारण पन्नासच्या दशकापर्यंतच्या ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर यातलं काहीही लावू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते आणि सूर कायमचा जातो. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य, बिनवासाच्या द्रवसाबणाचे तीन-चार थेंब घाला. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच, गोलाकार फिरवा. लेबलला पाणी लागू देऊ नका. नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन तबकडी सावलीत उभी वाळवा. नागपूरच्या बोअरच्या पाण्याने धुवाल तर त्यातले क्षार खाचेत बसतील आणि खरखर वाढेल. काही तबकड्यांना मधे ॲल्युमिनियमचा पत्रा आणि वर काळं लाखेरी रोगण असतं. कडेला पापुद्रा सुटलेला दिसतो. या रेडिओसाठी थेट कोरलेल्या एकमेव प्रती असू शकतात. त्यांना पाणी लावू नका आणि वाजवूही नका, थेट तज्ज्ञाकडे द्या.

सुईची चूक सर्वांत जास्त होते. ७८ ची खाच रुंद असते. तिला तीन मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची असते. ती ७८ च्या खाचेत तळाशी जाऊन बसते आणि तळातली धूळ वाजवते. लोक मग म्हणतात, रेकॉर्ड खराब आहे. उलट ७८ ची सुई एलपीवर ठेवली तर एलपी कायमची बिघडते. भोंग्याच्या ग्रामोफोनवर एकुलती एक प्रत सत्काराच्या हौसेने वाजवू नका. पोलादी पिन प्रत्येक वेळी खाच थोडी खरवडते.

मुद्रण घेताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल ठेवा. एमपीथ्री ही पाठवायची प्रत, जपायची नव्हे. आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर चालवू नका. खरखरीबरोबर तानेतली कणीही जाते, आणि तीच तर ऐकवायची असते. वेगही तपासा. जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. गुरुजी काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गात असल्याचं ठाऊक असेल आणि तबकडी पांढरी पाचमध्ये वाजत असेल, तर पेटी घेऊन वेग जुळवा आणि तशी नोंद करा.

साठवण उभी, कडक पुठ्ठ्याच्या आधाराने. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या लोखंडी कपाटात एलपी वाकतात. घरातल्या सर्वांत थंड खोलीची आतली भिंत निवडा.

प्रश्न : काकांच्या घरी भिंतीवर सोनेरी तबकडी फ्रेममध्ये आहे. ती पुरस्कार म्हणून दाखवायची का? (सदर)

दाखवा, पण ‘विक्रीचं प्रमाणपत्र’ अशा मथळ्याखाली. गोल्ड किंवा प्लॅटिनम डिस्क ठरावीक विक्री झाल्याची खूण असते. अमेरिकेत ही पद्धत १९५८ पासून अधिकृत झाली. आज तिथे गोल्डसाठी पाच लाख आणि प्लॅटिनमसाठी दहा लाख प्रतींचा हिशोब आहे. लोकप्रियतेचा तो चांगला पुरावा आहे. त्यात निवड समितीचा निर्णय मात्र नसतो.

प्रश्न : आमचं मंडळ ज्येष्ठ कलावंतांसाठी स्वतःचा पुरस्कार सुरू करतंय. नियम काय ठेवावेत? (मनीषनगर)

पुरस्कार कशासाठी आहे, हे एका वाक्यात लिहा आणि ते दरवर्षी बदलू नका. ‘संगीतसेवेबद्दल’ हे फार मोघम झालं. ‘ज्यांच्या ध्वनिमुद्रणांचा किंवा रचनांचा पुढच्या पिढीवर दिसेल असा परिणाम झाला’ असं म्हटलं की समितीला पकडायला काहीतरी मिळतं. पहिल्या मुद्रणाला किमान पंचवीस वर्षं झालेली असावीत ही जगभर रुळलेली अट चांगली आहे, ती घ्या.

समिती पाच जणांची असावी : एक गायक, एक वादक, एक संगीत संयोजक किंवा ध्वनिमुद्रक, एक अभ्यासक आणि एक जाणता श्रोता. मंडळाचे पदाधिकारी आणि देणगीदार त्यात नकोत. प्रत्येक सदस्याने नावाबरोबर एक ध्वनिमुद्रण आणावं आणि बैठकीत सर्वांनी ते ऐकावं. ऐकल्याशिवाय मतदान घेऊ नका. आमच्या मते सगळ्या नियमांत हाच सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच सर्रास गाळला जातो.

नाव जाहीर करण्यापूर्वी कलावंताची लेखी संमती घ्या. नकार आला तर तो आदराने मान्य करा आणि बाहेर सांगू नका.

मानपत्र दीडशे ते दोनशे शब्दांचं असावं, म्हणजे दोन मिनिटांत वाचून होतं. त्यात किमान तीन ध्वनिमुद्रणांचा नावानिशी उल्लेख हवा. छापण्याआधी मसुदा घरच्यांना दाखवा; गुरूंच्या नावातली चूक स्टेजवर कळली तर दुरुस्त होत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात करा किंवा रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात, कलावंताला पायऱ्या चढाव्या लागणार का हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. सत्कार कार्यक्रमाच्या पहिल्या अर्ध्या तासात उरका. पाहुण्यांची भाषणं आधी लांबवून पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला रात्री साडेनऊपर्यंत खुर्चीवर ताटकळत ठेवणं हा सन्मान नव्हे.

प्रश्न : सत्कारात त्यांचीच जुनी गाणी रेकॉर्डवरून वाजवायची आहेत. परवानगी लागते का? (वर्धमाननगर)

लागू शकते. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे १९६० मध्ये निघालेल्या तबकडीचा हक्क २०२० अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा आहे. तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. त्यामुळे तबकडी मुक्त झाली तरी गाणं मुक्त झालेलं नसतं. ध्वनिमुद्रण वाजवण्याचा परवाना पीपीएल या रेकॉर्ड कंपन्यांच्या परवाना संस्थेकडे किंवा थेट कंपनीकडे आणि शब्द-चालीचा आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे, अशी साधारण विभागणी आहे. गाण्यांची यादी करून कार्यक्रमाच्या किमान तीन आठवडे आधी विचारणा करा. कलावंत स्वतः मंचावर आहे म्हणून हक्क आपोआप मिळत नाही. पुष्कळदा तो करारानुसार कंपनीकडे गेलेला असतो.

प्रश्न : पुरस्काराच्या रकमेवर कर बसतो का? आणि निमंत्रणपत्रिकेत नावापुढे ‘पद्मश्री’ छापावं का? (धंतोली)

केंद्र किंवा राज्य सरकारने दिलेले लोकहितार्थ पुरस्कार आणि केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या संस्थांचे पुरस्कार करमुक्त आहेत. बाकी खासगी मंडळांच्या रोख रकमेला ही सूट आपोआप लागू होत नाही, म्हणून धनादेशानेच द्या, पत्रात ‘पुरस्काराची रक्कम’ असा स्पष्ट उल्लेख करा आणि कलावंताच्या घरच्यांना सीएकडे तो दाखवायला सांगा. पद्म पुरस्कारासोबत रोख रक्कम नसते, सनद आणि पदक असतं.

‘पद्मश्री’ नावाआधी किंवा नावानंतर जोडू नये. हा किताब नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पत्रिकेत नाव साधं छापा आणि खाली परिचयाच्या ओळीत ‘अमुक साली पद्मश्रीने सन्मानित’ असं लिहा.